मोठं, पण मोकळं

ईसीजीच्या मशीनला माणूस दिसत नाही, नुसती रेघ दिसते. हर्नियाच्या ऑपरेशनआधी 'हार्ट फिटनेस'साठी माझ्याकडे पाठवलेल्या सत्तेचाळीस वर्षांच्या त्या बँक कर्मचाऱ्याच्या कागदावर मशीनने परस्पर छापून टाकलं होतं : 'अ‍ॅबनॉर्मल'. नाडी 42. भूलतज्ज्ञांनी हात वर केलेले, बायकोचा चेहरा उतरलेला.

"अहो, चक्कर येत असेल तर आत्ताच सांगा डॉक्टरांना."

"कसली चक्कर? सकाळीच यवतेश्वर चढून आलोय."

साताऱ्याच्या घाटात हिल मॅरेथॉन सुरू झाल्यापासून असे पेशंट मला नवे नाहीत. त्याला डाव्या कुशीवर झोपवलं, छातीला जेल लावून इकोचा प्रोब टेकवला. पडद्यावर डावी जवनिका, म्हणजे शरीराला रक्त पुरवणारा हृदयाचा कप्पा, आली. आतली रुंदी 58 मिलीमीटर. नेहमीपेक्षा मोठीच.

आता थोडं गणित. पडून राहिलेल्या कुणाच्याही शरीराला मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त लागतं. तुमचं-आमचं हृदय 70 ठोके मारतं, दर ठोक्याला 70 मिली. याचं 42 ठोक्यांत भागतं, कारण याचा एक ठोका जवळजवळ 120 मिलीचा. खरा फरक चढावर कळतो. सराव नसलेला तरुण जीव तोडून पळाला, तर मिनिटाला वीसेक लिटरवर थांबतो. अव्वल स्कीपटू किंवा सायकलपटू 35-40 लिटरपर्यंत जातो. गंमत म्हणजे वर्षानुवर्षं पळूनही ठोक्यांची कमाल संख्या वाढत नाही. मग मापटंच मोठं करण्यावाचून हृदयाला दुसरा इलाज उरत नाही.

हे पहिल्यांदा टिपलं स्वीडनच्या डॉ. हेन्शेन यांनी, 1899 साली. त्या काळी इको कुठला! स्कीपटूंच्या छातीवर बोटांनी ठोकायचं, आवाज कुठे बद्द होतो ते ऐकायचं आणि त्यावरून हृदयाची कड ठरवायची. एवढ्यावरून त्यांनी सांगितलं, की यांची हृदयं मोठी आहेत आणि ही वाढ उपयोगाची आहे. डॉक्टरमंडळींना ते पचायला फार वेळ लागला. अमेरिकेच्या क्लॅरेन्स डिमारला 1911 मध्ये डॉक्टरांनी हृदयात मर्मर आहे म्हणून पळणं सोडायला सांगितलं होतं. त्याच वर्षी तो बॉस्टन मॅरेथॉन जिंकला आणि पुढे आणखी सहा वेळा. 1958 मध्ये तो कॅन्सरने गेला. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाच्या रोहिण्या सर्वसाधारण माणसाच्या दुप्पट-तिप्पट रुंद निघाल्या.

डिमारच्या डॉक्टरांना हसायचा अधिकार मला नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे वल्हवणारा एक मुलगा आला होता. हृदयाची भिंत 13 मिलीमीटर. बारापर्यंत आम्ही निर्धास्त असतो, पंधराच्या पुढे आजाराची दाट शंका. मधला पट्टा धुकट. भिंत जाड होण्याचा एक आनुवंशिक आजार आहे आणि त्यात मैदानावर अचानक मृत्यू येऊ शकतो. मी घाबरलो आणि कागदावर आजाराचं नाव लिहून मोकळा झालो. त्याची आई दवाखान्याच्या पायरीवर बसून रडत होती, ते अजून डोळ्यांसमोर आहे. चार महिने वल्ह्याला हात न लावता तो परत आला तेव्हा भिंत 11 झाली होती. आनुवंशिक आजार विश्रांतीने असा ओसरत नाही. पोराचं काळीज ठणठणीत होतं, त्या वर्षीची निवड मात्र हुकली.

खरं तर हे मला ठाऊक असायला हवं होतं. 1991 मध्ये इटलीतल्या 947 अव्वल खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भिंत 13 किंवा जास्त भरलेले फक्त 16, त्यातले 15 वल्हवणारे आणि एक सायकलवाला. वल्हवण्यात ताकद आणि दमसास दोन्ही एकदम लागतात, त्यामुळे कप्पा रुंदावतो आणि भिंतही जाडावते.

तेव्हापासून मी आधी आकार बघत नाही, हृदय सैल कसं पडतं ते बघतो. आवळणं सगळ्यांना दिसतं. पण आवळल्यावर क्षणात मोकळं होऊन रक्त आत ओढून घेणं, हे जास्त नाजूक काम. आजारी जाड भिंत ताठर असते, कुरकुरत उघडते. इकोवर झडपेच्या कड्याजवळच्या स्नायूचा मोकळं होण्याचा वेग मोजता येतो. बँकवाल्याचा सेकंदाला 13 सेंटिमीटर आला, तिशीतल्या माणसासारखा. "करा ऑपरेशन," मी लिहिलं.

हा मोकळेपणा वयाबरोबर जातो. डलासचे हृदयतज्ज्ञ बेंजामिन लेव्हिन यांच्या गटाला असं दिसलं, की आठवड्यातून दोन-तीन दिवसांचा व्यायाम तो टिकवायला पुरत नाही. चार-पाच दिवस हवेत, तेही वर्षानुवर्षं. 2018 च्या त्यांच्या प्रयोगात बैठं काम करणाऱ्या मध्यमवयीन माणसांच्या हृदयाचा ताठरपणा दोन वर्षांच्या नेटाने कमी झाला होता.

अतीची किंमतही आहे. स्वीडनमधल्या 90 किलोमीटरच्या वासालोपेट शर्यतीतल्या बावन्न हजारांवर स्कीपटूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जास्त वेळा आणि जास्त वेगाने उतरलेल्यांत ठोके अनियमित होण्याचं प्रमाण जास्त निघालं. पन्नाशीतला धावपटू "मध्येच फडफडतं" म्हणाला, तर मी ते थट्टेवारी नेत नाही.

बँकवाला गेल्यावर दुपारी ओपीडी रिकामी होती. ज्युनिअरला म्हटलं, प्रोब लाव माझ्याच छातीला. मी अठ्ठावन्न वर्षांचा, दिवसभर खुर्चीत. नाडी 78, रुंदी 46, भिंत 10. सगळं पुस्तकातल्यासारखं. कड्याचा वेग सहा. पोरगं क्षणभर थांबलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणालं, "सर, वयाच्या मानाने ठीक आहे." तेवढ्यात शेजारच्या मशीनमधून माझा ईसीजी बाहेर आला. वर छापलं होतं : 'नॉर्मल'.