कॅरिअरच्या दोन्ही अंगांना

रविवार, १० नोव्हेंबर २०२४

दिवाळी आटोपली, पाहुणे परतले आणि स्वयंपाकघरातले डबे तळाला गेले. सकाळी सायकल काढून गोकुळपेठ बाजारात गेले. नागपूरकराला सायकलसाठी वर्षाचे हेच तीन-चार महिने खरे. मे महिन्यात दुपट्टा गुंडाळूनही सकाळी नऊनंतर रस्त्यावर टिकाव लागत नाही.

बाजारात सायकलवर येणारे पुष्कळ दिसतात आणि बहुतेकांचं सामान हँडलला लटकलेलं असतं. मला ती पद्धत पसंत नाही. दोन किलो आलू एका बाजूला लटकले की पुढचं चाक तिकडे ओढ घेतं, वळताना पिशवी गुडघ्यावर आदळते, आणि झुलत झुलत स्पोकमध्ये शिरली तर चाक जागीच अडतं. ओझं मागे हवं, खाली हवं आणि दोन्ही बाजूंना सारखं हवं. बैलाच्या पाठीवर दोन अंगांना गोण्या टाकून धान्य आणि मीठ देशभर फिरवणाऱ्या लमाणांच्या तांड्यांनी शेकडो वर्षं हेच केलं.

सायकलसाठी तयार जोडपिशव्या मिळतात, पण चांगल्या महाग असतात आणि बाजारात सायकल उभी केली की त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. घरात मात्र घडीच्या पिशव्या ढीगभर आहेत. पातळ नायलॉनच्या, आपल्याच खिशात घडी होऊन मुठीत मावणाऱ्या. २३ जून २०१८ पासून राज्यात प्लॅस्टिकबंदी लागू झाली तेव्हापासून प्रत्येक बाईच्या पर्समध्ये एक तरी असतेच. त्यातल्याच दोन कॅरिअरला लावायच्या.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

सायकल डबल स्टँडवर चढवून अंगणात प्रयोग केला. दोन सारख्या पिशव्या घेतल्या. दोघींचे बंद कॅरिअरवरून पलीकडे नेऊन एकमेकांत अडकवले आणि वरून स्प्रिंगची पट्टी दाबून बसवली. एक पिशवी दुसरीला तोलून धरते, गाठ लागत नाही. बंद लांब असले तर पिशवी फार खाली उतरते, म्हणून ते कॅरिअरच्या सळईला एक वेढा देऊन आखूड केले. तळ चाकाच्या आसाच्या खाली फारसा जाऊ नये, एवढं पाहायचं. पिशव्या होतील तितक्या मागे सरकवायच्या, नाहीतर पायडल मारताना टाच लागते. ज्या सायकलीचं मागचं चाक पायडलच्या जवळ असतं, तिथे हे जास्तच जपावं लागतं.

उरला एकच प्रश्न, आणि तो मोठा आहे. पिशवी झुलते आणि आतल्या बाजूने चाकाला घासते.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

चौकातल्या सायकलवाल्या भाऊंना दाखवलं. त्यांनी पिशवी हाताने ढकलून पाहिली आणि म्हणाले, "ताई, लटकवलं त झुलन. टेकवलं पायजे. दूधवाल्याची गाडी पाहा ना."

संध्याकाळी दूधवाले आले तेव्हा त्यांच्या सायकलीपाशी मुद्दाम वाकून पाहिलं. कॅन कॅरिअरच्या दोन्ही अंगांना लोखंडी आकड्यांवर आहेत, पण वजन आकड्यावर असलं तरी कॅनची पाठ लोखंडी चौकटीला टेकलेली. चौकट चाकापासून कॅन दूर ठेवते. खड्ड्यातून सायकल गेली तर दूध हिंदकळतं, कॅन हलत नाही. शहरभर रोज डोळ्यांसमोरून जाणारी ही मांडणी किती विचाराची आहे! माझ्या पिशवीला बंद आहेत, पाठ नाही. ती पाठ द्यायची.

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदान करून आले. सुट्टी असल्याने सायकलवाले भाऊ निवांत होते. छपाईवाल्याकडे उरलेला सनपॅकचा कोरा तुकडा त्यांनी आणून ठेवला होता. प्रचाराच्या पाट्या करतात तोच हा पन्हाळीचा प्लॅस्टिकचा पत्रा. हलका, पावसाला न भिणारा, कात्रीने कापता येणारा. पिशवीच्या उंचीचे दोन तुकडे कापले, कोपरे गोल केले, कडेला भोकं पाडली आणि कॅरिअरपासून आसापर्यंत उतरणाऱ्या सळ्यांना नायलॉनच्या पट्ट्यांनी आवळले. पन्हाळी उभ्या ठेवल्या, आडव्या ठेवल्या तर पत्रा दुमडतो.

मग भाऊंनी जुन्या ट्यूबच्या दोन लांब पट्ट्या कापून दिल्या. भरलेल्या पिशवीच्या पोटावरून पट्टी घेऊन सळईला अडकवली की पिशवी पत्र्याला चिकटून बसते. बाजारात मिळणारे आकड्यांचे रबरी दोर मी वापरून पाहिलेत. ट्यूबची पट्टी त्यांच्याहून चांगली. ती घसरत नाही, आणि आकडा सुटून डोळ्यावर यायची भीती नाही.

पत्रा सायकलवर कायमचा राहिला. पिशव्या घरी आल्या की काढून घडी करायच्या. ऊन लागून नायलॉन कमकुवत होतं आणि आपल्याकडचं ऊन काही कमी नाही, तेव्हा पिशव्या सायकलवर ठेवूच नयेत.

रविवार, २४ नोव्हेंबर

आज भरपूर बाजार. तळाला आलू-कांदे, त्यावर वांगी आणि मुंगन्याच्या शेंगा, सगळ्यात वर टमाटर, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. भाजीवाल्या मावशींना सांगितलं की एका तागडीचं डावीकडे टाका, दुसरीचं उजवीकडे. त्यांना लगेच समजलं आणि पुढचा सगळा भरणा त्यांनीच केला. तुरीच्या शेंगा आल्यात, सोले काढायला चार हात लागतील.

परतीच्या रस्त्यावर ओझं जाणवतं ते फक्त निघताना. एकदा गती घेतली की सायकल रिकामीपेक्षाही सरळ जाते असं वाटलं. वळणावर मात्र घाई करू नये.

मंगळवार, ३ डिसेंबर

भाचा जर्मनीहून बोलत होता. तिकडे ऑर्टलीब नावाच्या कंपनीच्या जोडपिशव्या घरोघरी आहेत म्हणाला. ही कंपनी १९८२ पासून पाणी आत न शिरणाऱ्या सायकलपिशव्या करते. नेदरलँडमध्ये कॅरिअरवरून दोन्ही बाजूंना टाकायची जोडपिशवी तर आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांच्या सायकलला. ते त्यांच्या हवेला आणि पगाराला शोभतं. आपल्याकडे पावसाळा सोडला तर भाजीला तेवढं कवच लागत नाही, आणि पावसाळ्यात आतून एक जाड प्लॅस्टिकची पिशवी घातली की पीठ-साखर कोरडी राहते.

पिशवी निवडताना एक गोष्ट पाहावी. बंद अंगाला शिवलेले आहेत का, आणि शिलाई चौकोन करून आत फुली मारलेली आहे का. दुकानांत कापडी म्हणून देतात त्या खरखरीत पिशव्या कापडाच्या नसतातच, त्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि २०१८च्या बंदीत त्याही होत्या. त्यांचे बंद पुष्कळदा शिवलेले नसून उष्णतेने चिकटवलेले असतात. तांदळाच्या वजनाला ते भर रस्त्यात सुटतात. घडीची चांगली पिशवी नसेल तर जुन्या पडद्याच्या जाड कापडाच्या दोन शिवून घ्याव्यात. कुठलाही शिंपी करून देईल.

रविवार, ८ डिसेंबर

महिन्याचा किराणा इतवारीतून आणायचा होता. लांब पडतं आणि मधली गर्दी नकोशी होते. आपल्या मेट्रोत सायकल आत नेता येते. शंकरनगर चौकातून चढले, अग्रसेन चौकात उतरले आणि तिथून किराणा ओळीत. इतवारीच्या गल्ल्यांत चारचाकी अडकते, दुचाकीही अडकते; सायकल हाताने ढकलत कुठेही जाते. तांदूळ, तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, भिवापुरी मिरची आणि वायगावची हळद. दुकानदाराने दोन्ही पिशव्या काट्यावर ठेवून वजन सारखं करून दिलं. मी सांगितलं नव्हतं. "काकू, एका बाजूनं जड झाली त तुमाले त्रास होईन," म्हणाला. वजन जास्त होतं तेव्हा डबल स्टँडचं मोल कळतं. एकपायी स्टँडवर भरलेली सायकल आडवी होते. उतरवतानाही दोन्ही पिशव्या एकदमच काढाव्या लागतात, कारण एकीचा तोल दुसरीवर आहे.

बुधवार, १८ डिसेंबर

विधिमंडळाचं अधिवेशन सुरू आहे, म्हणून सिव्हिल लाइन्सकडे जायचं टाळलं. महालच्या बुधवार बाजारात गेले. हरभऱ्याची कोवळी भाजी आणि बोरं.

शुक्रवार, २० डिसेंबर

शेजारच्या सूनबाईंनी आपल्या सायकलला तसाच पत्रा लावून घेतला. त्या रोज पोराला शाळेत सोडायला स्कूटर काढतात आणि परतताना दूध-भाजी आणतात. आता भाजी सायकलवर. पोराने पत्र्यावर रंगाने वाघ काढलाय.

रविवार, २२ डिसेंबर

आज एका मोठ्या दुकानाच्या रखवालदाराने सायकल दाराशी लावू दिली नाही. "इथी गाड्या लागते, सायकल तिकडं लावा." तिकडं म्हणजे नालीच्या कडेला, जिथे कुलूप अडकवायला काहीच नाही. मी आत गेले नाही, पुढच्या छोट्या दुकानातून घेतलं.

मनपाने २०२० मध्ये केंद्राच्या सायकल चॅलेंजमध्ये भाग घेतला होता. सायकलचा मार्ग रंगवणं चांगलंच, पण बाजाराला सायकलने येणाऱ्या माणसाला मार्गाच्या शेवटी सायकल बांधायला जागाही हवी. त्यासाठी फार पैसा लागत नाही. दुकानदारांना आणि बाजार समित्यांना माझं सांगणं आहे: दाराशी गुडघाभर उंचीचा एक आडवा लोखंडी दांडा जमिनीत रोवा. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली बांधता येतील आणि प्रत्येकीच्या मागे दोन भरलेल्या पिशव्या तुमच्याच दुकानातून जातील. आणि वाचणाऱ्या ताई-दादांनो, घरातल्या दोन घडीच्या पिशव्या आणि ट्यूबच्या दोन पट्ट्या घेऊन या रविवारी निघा. थंडी संपायला अजून अवकाश आहे.