डावा पाय

कला शाखेच्या विद्यार्थिनीने ट्रकच्या गिअरवर लेख लिहावा, याचे माझ्या मैत्रिणींना हसू आले. पण आमच्या घरात सबंध एक हिवाळा याच विषयावर वाद चालला होता आणि तो कुठे मिटला, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

माझे काका सैन्यात ड्रायव्हर होते. जबलपूरच्या कारखान्यात बनलेली ‘शक्तिमान’ गाडी घेऊन त्यांनी श्रीनगर-लेह रस्त्यावरची झोजी-ला खिंड कितीतरी वेळा ओलांडली. तेव्हा गिअर बदलायचा म्हणजे क्लच दोनदा दाबावा लागे. एकदा जुना गिअर सोडवायला, एकदा नवा टाकायला. एका घाटात असे किती वेळा, याचा हिशेब त्यांच्या डाव्या गुडघ्याने ठेवला आहे. आता तो जिना चढतानाही कुरकुरतो.

दादाने, म्हणजे त्यांच्या मुलाने, ट्रकवर झोपण्या-रांधण्याची सोय करून लेहला जायचे ठरवले. आपोआप गिअर बदलणारा ट्रक घ्यावा, असा त्याचा आग्रह होता. काकांचा ठाम नकार!

अशा गाड्यांचे दोन प्रकार असतात, हे मला त्या दोघांच्या भांडणातूनच कळले. एकात इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये फिरणारे तेल जोर पोहोचवते. वाळूत, चिखलात गाडी धक्का न देता निघते; पण जड गाडी लांबचा चढ सावकाश चढू लागली की ते तेल तापते. दुसऱ्यात क्लच आणि गिअर नेहमीचेच, फक्त हातापायांचे काम यंत्र करते. “त्याच्या विजेच्या जोडणीत बिघाड झाला तर आडरानातला मिस्त्री काय करणार?” काका विचारत. “क्लच-प्लेट तो बदलून तरी देईल!” आणि त्यांचा अखेरचा मुद्दा असा, “यंत्राला चाकाखालचा रस्ता कळतो, वळणापलीकडचा दिसत नाही.”

मला हे वाक्य इतके आवडले, की मी ते वहीत उतरवून ठेवले. घरी हाताच्या गिअरचाच ट्रक आला.

२०२३ च्या जून महिन्यात आम्ही तिघे मनालीहून निघालो. २०२० साली सुरू झालेल्या अटल बोगद्यामुळे रोहतांगचा चढ वाचला. बारालाचा-ला ओलांडून सरचूला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी गाटा लूप्सला लागलो. डोंगराच्या एकाच अंगावर एकवीस वळणे! विरळ हवेत माणसाला धाप लागते, तशी इंजिनालाही लागते. अवघड रस्ता म्हणून काका स्वतः चालवत होते. निम्मी वळणे झाली असतील, तोच पुढचा ट्रक थांबला. आम्हीही थांबलो. पुन्हा निघताना काकांनी क्लच अर्धा सोडला आणि त्यांचा गुडघा थरथरू लागला. इंजिन बंद पडले. गाडी हातभर मागे सरकली. मागे दरी होती.

काकांनी ब्रेक दाबून धरला. दादाने उडी टाकून मागच्या चाकाला दगड लावला. कोणी काही बोलले नाही. काका खाली उतरले, गाडीला हात टेकीत पलीकडच्या बाजूला आले आणि माझ्या शेजारी बसले. दादाने गाडी काढली.

पांगला तंबूतल्या ढाब्यावर चहा घेताना काका म्हणाले, “पुढच्या वेळी तुझी ती आपोआपवाली घे.”

“आणि बाबा, वळणापलीकडचा रस्ता?”

“तो तू बघ. उतार लागण्याआधीच खालचा गिअर धरून ठेवायचा, म्हणजे इंजिनच गाडीला आवरते आणि ब्रेक तापत नाहीत. तशी सोय त्या गाडीतही असते. बघायचे काम डोळ्यांचे. त्याला गुडघा कशाला हवा?”

मी गप्प होते. वहीतले ते वाक्य खोटे नव्हते. पण ते लिहून घेताना मला त्या गुडघ्याची आठवण झाली नव्हती. काकांची बाजू घेतली, असे मला वाटत होते. खरे तर मी एका वाक्याची बाजू घेतली होती.

तांगलांग-ला ५३०० मीटरहून उंच आहे. तिथून उतरताना दादाने सांगितल्याप्रमाणे आधीच खालचा गिअर टाकला. काका समोरच्या रस्त्याकडे पाहत होते. प्रत्येक वळणाआधी त्यांचा डावा पाय, जिथे क्लच नव्हता तिथे, हळूच दाबला जात होता.