वाण पसंत करण्याआधी

तुरीचा पहिला संकर केल्यापासून नवं वाण शेतकऱ्याच्या घरी पोचेपर्यंत सहज आठ-दहा वर्षं जातात. त्यातली बहुतेक वर्षं ते प्रक्षेत्रावर वाढतं. तिथं जमीन चांगली असते, खुरपणी वेळेवर होते, हवी तेव्हा फवारणी मिळते. मग बांधावर प्रात्यक्षिक लागतं आणि शेतकऱ्याला बोलावणं जातं. पण निवड तोवर होऊन गेलेली असते. शेतकऱ्याला बोलवायचं ते पंधरा-वीस वंश हातात असतानाच, त्यातले कुठले टाकायचे हे ठरण्याआधी. हे मी पैदासकार म्हणून आग्रहानं सांगतो.

मराठवाड्यात तूर बहुधा सोयाबीन किंवा कपाशीच्या ओळींमध्ये असते. बदनापूरच्या केंद्राचं बीएसएमआर ७३६ हे लाल दाण्याचं वाण १९९६ साली आलं. मर आणि वांझ या दोन्ही रोगांना ते दाद देत नाही, म्हणून खूप पसरलं. पण त्याला सहा महिने लागतात आणि मुरमाड रानातली ओल त्याआधीच सरते. २०१२ मधलं बीडीएन ७११ पांढऱ्या दाण्याचं, साधारण पाच महिन्यांत निघणारं. हलक्या रानात ते साधतं. एकाच शेतकऱ्याच्या दोन रानांना दोन वाणं लागतात, हे प्रक्षेत्रावरच्या सरासरीतून कधीच दिसत नाही.

आम्ही प्रत्येक वाफ्यापुढे एक पिशवी अडकवतो आणि पसंतीच्या चिठ्ठ्या वाटतो. बायकांची फेरी वेगळी घेतो. एकत्र घेतली तर गावातला वजनदार माणूस बोलेल त्यालाच सगळे माना डोलावतात. पुरुष झाडाचा घेर आणि शेंगांचे घोस पाहतात. बायका शेंग सोलतात, दाणा दाताखाली धरतात. उत्पादनात सरस ठरलेल्या एका वंशाजवळ एक बाई थांबल्या आणि दाणे तळहातावर पसरून म्हणाल्या, "दाणा लई बारीक हाय. भरडल्यावर चुरीच निघंल." पुढची बाई खोड वाकवून बघत होती. तुराट्या चुलीला लागतात, कुडाला लागतात. आमच्या नोंदवहीत खोडासाठी रकानाच नव्हता. आता आहे.

हा काही मराठवाड्यापुरता अनुभव नाही. रवांडात १९८० च्या दशकाच्या अखेरीस लुईस स्पर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेवड्याची जाण असलेल्या स्थानिक बायकांनाच संशोधन केंद्रावर निवडीसाठी आणलं. केळीच्या सावलीत काय तग धरेल, याचा अंदाज त्या बायकांना होता. त्यांनी निवडलेले वंश त्यांच्या शेतात शास्त्रज्ञांच्या निवडीपेक्षा सरस ठरले.

निवडीनंतरचा खरा पेच बियाण्याचा. अधिसूचित न झालेल्या वाणाच्या बियाण्याला प्रमाणीकरण मिळत नाही. शिवाय मधमाश्यांमुळे तुरीत परपरागीभवन होतं, त्यामुळे शेजारी दुसरं वाण असेल तर घरचं बी दोन-तीन हंगामांत भेसळतं. गटानं एक तुकडा इतर तुरीपासून लांब राखला, तर भेसळ पुष्कळ टळते. एकराला पाच-सहा किलो बी पुरतं, म्हणजे त्या एका तुकड्यातून अख्ख्या गावाची सोय होते. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला बी राखण्याचा, देण्याघेण्याचा आणि छाप न लावता विकण्याचा हक्क दिला आहे. तो वापरायला हवा. आणि वाण प्रसारणाच्या प्रस्तावात हेक्टरी क्विंटलच्या शेजारी शेतकऱ्यांची पसंती, बायकांची आणि पुरुषांची वेगवेगळी, नोंदवणं सक्तीचं व्हावं.