सेंट हेलेना बेटावर

जोहान्सबर्गहून निघालेलें आमचें विमान अटलांटिक महासागरावरून तासचे तास जात होतें, आणि खालीं पाण्यावांचून कांहीं दिसेना. शेवटीं काळ्या कड्यांचें एक बेट दृष्टीस पडलें. २०१७ पर्यंत केपटाउनहून आगबोटीनें यावयास पांचएक दिवस लागत. तेव्हां आमची तक्रार ती काय!

वाचकांस हें बेट ठाऊक आहे तें नेपोलियनच्या बंदिवासामुळें. आम्हांस 'ब्रायर्स' या जागेचें विशेष वाटलें. असईच्या रणांत (१८०३) शिंदे-भोसल्यांच्या फौजेस हरविणारा आर्थर वेलस्ली १८०५ सालीं हिंदुस्थानांतून परततांना तेथें उतरला होता. आणि पुढें त्यानेंच वॉटर्लूवर पराभूत केलेल्या नेपोलियनचे पहिले कांहीं आठवडे त्याच आवारांत गेले! जेम्सटाउनचा ६९९ पायऱ्यांचा जिना चढतांना मात्र इतिहास सुचत नाहीं.

असो. १२२ चौरस किलोमीटर भूमि आणि सुमारें साडेचार हजार वस्ती. कंपनी सरकारनें १६५९ सालीं येथें ठाणें बसविलें. १८३४ सालीं बेट राजाच्या अमलाखालीं गेलें. आज २००९ ची राज्यघटना चालते. लोकनियुक्त सभासद बारा. २०२१ पासून मुख्यमंत्रीहि आहे. परंतु गव्हर्नर लंडनहून नेमला जातो, आणि संरक्षण व परराष्ट्रव्यवहार त्याच्याच हातीं. संयुक्त राष्ट्रांच्या अस्वयंशासित प्रदेशांच्या यादींत हें नांव अद्याप आहे. तेव्हां आम्हीं घरमालकीणबाईंस सहज विचारलें, "आपणांस स्वतंत्र व्हावेंसें वाटत नाहीं काय?"

बाई हसल्या. त्यांचें गाऱ्हाणें अगदीं उलट होतें. दुसऱ्या चार्ल्सनें १६७३ च्या सनदेनें बेटवासीयांस इंग्लंडांत जन्मलेल्यांचे हक्क दिले होते. १९८१ च्या कायद्यानें त्यांस दुय्यम नागरिक ठरविलें, व विलायतेंत राहण्याचा हक्क उरला नाहीं. बिशपांनीं १९९२ सालीं मंडळ नेमलें, तें त्या जुन्या सनदेवरच भांडलें. स्वातंत्र्य घेऊन खावें काय, हाहि प्रश्न आहेच. सुएझचा कालवा १८६९ सालीं उघडला आणि जहाजें येथें थांबेनाशीं झालीं; वाखाचा धंदा १९६६ सालीं बुडाला; आज खर्चाचा मोठा हिस्सा ब्रिटनच्या अनुदानावर चालतो. आमची १९४७ ची मोजपट्टी येथें लागू पडेना. तथापि स्वतःचा गव्हर्नर निवडण्याचा अधिकार या लोकांस नसावा, हें आमच्या मनास पटलें नाहीं, आणि तसें आम्ही बोलूनहि गेलों.

नागरिकत्व २००२ सालीं परत मिळालें, आणि तरुण मंडळी विलायतेची वाट धरूं लागली. बाईंचे दोन्ही मुलगे तिकडेच आहेत. त्यांच्याच खोलींत आमचें बिऱ्हाड होतें.