छापाचे चमचे, बिनछापाची पळी

मैत्रिणींनो, घरातल्या चांदीवरून तुमच्याकडे कधी रुसवेफुगवे झालेत का? आमच्या उमरीच्या घरी झाले. चूक माझीच होती, म्हणूनच सांगते.

सासूबाई गेल्यावर वाटण्या झाल्या. मामंजींनी हैदराबादहून आणलेले सहा चमचे निळ्या मखमलीच्या पेटीत होते. दांड्यामागे इंग्रजी अक्षरं, इवल्याशा चौकटी. मी थोरली, बी.ए. झालेली, शाळेत दोन तास शिकवणारी! ‘छाप आहे म्हणजे अस्सल’ असं म्हणत पेटी मी उचलली. धाकट्या जावेच्या वाट्याला आली एक काळवंडलेली पळी. आजेसासूबाईंच्या लग्नात हाली रुपये आटवून गावच्या सोनारानं घडवलेली. तिच्यावर छाप कसला तो नाहीच. जाऊ काही बोलली नाही. पण त्या दिवाळीला फराळाला आली नाही.

यंदा लेकीच्या शिकवणीची फी भरायची म्हणून पेटी घेऊन सराफाकडे गेले. त्यांनी भिंग लावलं नि म्हणाले, “बाई, ही अक्षरं वाचलीत का? ई.पी.एन.एस.! म्हणजे वरून चांदीचा मुलामा, आत जर्मन सिल्व्हर. तांबं, निकेल नि जस्त. चांदी फक्त नावात.” घासून घासून एका चमच्याची कड पिवळट झाली होती, तीही दाखवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मीच खोदून खोदून विचारलं. तुमच्याही उपयोगी पडेल. इंग्लंडच्या खऱ्या चांदीवर चालता सिंह असतो, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. शेजारी नांगर असेल तर तपासणी बर्मिंगहॅमची, बिबट्याचं तोंड असेल तर लंडनची. मुलाम्याच्या भांड्यांवरही अशाच दिसणाऱ्या चौकटी मारत, तिथंच आपण फसतो. लोहचुंबकावर विसंबू नका. जर्मन सिल्व्हरही त्याला चिकटत नाही. आपल्याकडे चांदीवर बी.आय.एस.चा हॉलमार्क २००५ पासून आला. म्हणून नवी भांडी घेताना तो बघून घ्या. पण आजीच्या भांड्यावर तो शोधू नका. तिथं सराफाची कसोटीच खरी.

“आणि हाली रुपयांची पळी?” मी हळूच विचारलं. “जुन्या हाली रुपयात हजारात ८१८ भाग चांदी असायची, बाई. तुमच्या घरातली चांदी तीच.”

परतताना थेट जावेच्या दारात उतरले. सगळं सांगितलं. वाटलं, आता ही ऐकवणार! ती आत गेली, पळी घेऊन आली. चिंचेनं घासून लख्ख केलेली.

“अक्का, मला ठाऊक नव्हतं हो. आत्याबाई हिनं तीर्थ द्यायच्या, म्हणून जपली.”

फीचं काहीतरी जमेलच. चमचे आता रोजच्या पोह्यांना काढलेत. आणि या दिवाळीला फराळ दोघींनी मिळून केला.