तिसऱ्या दिवसानंतर

अब्बांचा इंतकाल ऐन पावसाळ्यात झाला. मशिदीतून ऐलान झाला आणि तासाभरात अंगणात माणसं जमली. कोणी कफनाची तीन कापडं आणली, कोणी गुसलसाठी पाणी तापवलं. आमच्या कोकणात वरची माती थोडी, खाली जांभा. कबर खोदायची म्हणजे पहारीनं दगड फोडावा लागतो. वर ताडपत्री धरून मोहल्ल्यातल्या पोरांनी ती खोदली. आमचा थोरला भाऊ कुवेतला. त्याला दुसऱ्या दिवशीचं तिकीट मिळत होतं. पण "माझ्यासाठी दफन थांबवू नका" असं त्यानंच फोनवर सांगितलं. त्याच्या जागी कबरीत उतरले ते शेजारी.

तीन दिवस आमच्या घरी चूल पेटली नाही. मय्यतीच्या घरात चूल पेटवणं मना आहे असं काही जण समजतात. तसं नाही. हिजरी सन 8 मध्ये मुताच्या लढाईत हजरत जाफर (रजि.) शहीद झाले, तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी जेवण तयार करायला रसूलुल्लाह (स.) यांनी इतरांना सांगितलं होतं. दुःखात बुडालेल्यांना स्वयंपाकाची चिंता नको, हा त्यामागचा विचार. आमच्याकडे रोज दोन्ही वेळचं जेवण कोणाकोणाच्या घरून येत होतं. समोरच्या काकू सकाळी गरम घावणे घेऊन मागच्या दारानं यायच्या.

मग चौथा दिवस उजाडला. डबे थांबले, पाहुणे परतले. आठवड्याभरात बहिणी सासरी गेल्या, भाऊ कुवेतला गेला. घरात उरलो अम्मी आणि आम्ही दोघं धाकटे.

अम्मीची इद्दत चार महिने दहा दिवसांची. खरी कामं त्याच दिवसांत निघतात. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत 21 दिवसांच्या आत करायची असते. बँकेचं खातं, विजेचं बिल, तलाठ्याकडची वारस नोंद, सगळं अब्बांच्या नावावर. कोणता कागद कुठे ठेवलाय, हे त्यांनाच ठाऊक होतं. आणि असरच्या नमाजनंतरची वेळ. त्या वेळी अम्मी दोन कप चहा टाकायची. आता पातेल्यात पाणी ओतताना तिचा हात थांबायचा.

त्या वेळी मोहल्ल्यातल्या एक खाला येऊ लागल्या. हातात पिशवी, पिशवीत त्यांच्याच घरची भाजी. अम्मीजवळ बसून त्या मेथी निवडायच्या, कधी चवळीच्या शेंगा सोलायच्या. "सब्र करा" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. अब्बांचा विषय अम्मीनं काढला तर ऐकायच्या, नाही तर बाजारभावाचं बोलायच्या. मगरिबची अजान झाली की निघायच्या. इद्दत संपेपर्यंत बहुतेक दिवस त्या आल्या. दुसऱ्या कपात चहा पुन्हा ओतला जाऊ लागला.

आम्ही लहानपणापासून ऐकत आलो की जनाजाची नमाज फर्जे किफाया आहे. काहींनी अदा केली की सगळ्यांवरची जबाबदारी उतरते. कोणीच केली नाही तर सगळेच गुन्हेगार. जनाजाच्या बाबतीत आपला समाज यात कधी कमी पडत नाही. अनोळखी मुसाफिराची मय्यत असली तरी खांद्याला खांदा लागतो. पण चौथ्या दिवसापासून आपण सगळेच मनाशी म्हणतो, "कोणी तरी जात असेलच." सगळ्यांनी तसंच म्हटलं की त्या घरी कोणीच जात नाही.

मय्यतीला शेकडो लोक आले याचं आम्हाला समाधान आहे, आणि त्या प्रत्येकाचे आम्ही ऋणी आहोत. तरी अम्मीला सावरलं ते एका बाईच्या रोजच्या तासाभरानं, आणि त्या शेजारच्या मुलानं, जो आमच्याबरोबर दोनदा तलाठी कार्यालयात येऊन बसला.

आपल्या मोहल्ल्यात आज कोणी बेवा इद्दतीत असेल, तर तिच्या घरातल्या बायकांनी एकदा तरी चक्कर मारावी आणि पुरुषांनी बाहेरची कामं विचारावीत. औषधं आणायची आहेत का, बिल भरायचं आहे का, एवढं विचारलं तरी पुरे. नसीहत घेऊन जायची गरज नाही. निवडायची भाजी घेऊन गेलं तरी चालतं.

अल्लाह आमच्या मरहूम अब्बांची मगफिरत करो आणि त्या खालांना सेहत देवो. आमीन.