चौबगला

माझ्या पदवीच्या कलेक्शनमध्ये स्त्रियांचे सहा पोशाख होते. त्यातल्या पाचव्याचं, एका लांब बाह्यांच्या शर्टाचं, परीक्षकांनी कौतुक केलं. त्या शर्टात कौतुकासारखी जी एक गोष्ट होती, ती माझी नव्हती. तेव्हा मी ते सांगितलं नाही.

बारावीपर्यंत मी खामगाव तालुक्यातल्या एका गावी मावशीकडे राहून शिकले. मावशी दिवसा कापूस वेचायला जायची आणि रात्री पायाच्या मशीनवर गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. हुक लावणं, काज करणं, तुरपाई ही कामं माझ्याकडे असत आणि ती मी कुरकुरत करायची. पुढे फॅशन डिझाइनच्या प्रवेशाच्या मुलाखतीत मला विचारलं, ही आवड कुठून आली? मी म्हणाले, मासिकं वाचून. घरात मासिक एकही येत नव्हतं. पण पायाच्या मशीनचं नाव काढायची लाज वाटली. 2017 साली शेगावहून विदर्भ एक्सप्रेसमध्ये मला बसवून द्यायला मावशीच आली होती, त्या दिवसाची मजुरी बुडवून.

मुंबईत तीन वर्षं मी बरंच शिकले. शनेल, दिऑर, बालेन्सियागा ही नावं झोपेतही सांगता येत होती. 2020 च्या मार्चमध्ये सगळं बंद पडलं, तशी वह्या घेऊन गावी परत आले. एकदा मावशीनं माझी चित्रांची वही उघडली. फॅशनच्या चित्रातली बाई साधारण नऊ डोक्यांइतकी उंच काढतात. खरं माणूस साडेसात डोक्यांच्या आसपास असतं. मावशीनं चित्र लांब धरून पाहिलं आणि विचारलं, "हे बाई जेवते का नाई?" मला राग आला. हिला काय कळतं, असं मनात आलं, आणि बहुधा चेहऱ्यावरही दिसलं असावं. तिनं वही मिटून ठेवली.

त्या ऑक्टोबरात, वेचणी नुकती लागली असताना, भानू अथैया गेल्याची बातमी आली. 15 तारीख होती. कोल्हापूरच्या राजोपाध्यांच्या घरातली मुलगी, जे. जे. मध्ये चित्रकला शिकलेली, 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी 1983 साली ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय. मावशीनं विचारलं, "कोन व्हती हे बाई?" तीन वर्षं कपड्यांचंच शिक्षण घेऊनही मला तिच्याविषयी धड चार वाक्यं सांगता येईनात. 'लगान'चे कपडेही तिचेच होते, एवढं बातमीतून कळलं. तो सिनेमा मावशीनं टीव्हीवर दोन-तीनदा पाहिलेला. ती सहज म्हणाली, "त्यातल्या लोकायचे कपडे आंगावरचे वाटतात. दुकानातले नाई वाटत."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी तिच्यामागे शेतात गेले. लहानपणापासून पाहत असलेला तिचा वेष मी पहिल्यांदा नीट पाहिला. नऊवारीवर काकांचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, कारण पऱ्हाटी हात ओरबाडते आणि उन्हाचा चटका बसतो. डोक्याला फडकं. पोटाशी कापसाची ओटी, तासातासाला जड होत जाणारी. काकांचा शर्ट खांद्यावरून उतरलेला, बाह्या दुमडलेल्या, मागून पाठीवर ताणलेला. बाईच्या अंगाचा विचार करून तो कुणी कापलेलाच नव्हता. माझं कलेक्शन मला तिथे सापडलं असं मी नंतर लिहिलं. खरं म्हणजे ते तिच्या अंगावर होतं.

मांजरपाटाचा पहिला नमुना शिवून मी तिलाच घातला. बंदमुळे दुसरं शरीरच नव्हतं, ना कॉलेजातला पुतळा. ती वाकली, दोन्ही हात पुढे केले, आणि अख्खा शर्ट कमरेतून वर चढला. मुंढ्यात इतका आवळला की टाका उसवला. मी मुंढा खोल कापला, आणखी बिघडलं. चार दिवस माझं हेच चाललं. पाचव्या दिवशी मावशीनं शर्ट मागून घेतला, काखेत चार बोटं शिवण उसवली आणि मांजरपाटाचाच एक चौकोनी तुकडा तिथे तिरका बसवला. चौबगला. जुन्या बंड्यांना असायचा. हात वर केला तरी शर्ट जागचा हलला नाही.

2021 मध्ये परीक्षक पडद्यावर होते. काखेतला तो तुकडा कसा सुचला, असं एकानं विचारलं. मी म्हणाले, बरेच प्रयोग केले. हे वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच ते जास्त टोचतं. मावशी तेव्हा दाराआड चहा घेऊन उभी होती.

आता मी मुंबईत कपड्यांच्या एका कंपनीत पॅटर्न कापते. पुढेमागे खामगावात पाच-सहा मशीन टाकून शेतातल्या बायकांसाठी शर्ट शिवावेत, असं मनात आहे. 1870 साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी. अजूनही आमच्याकडे सरकी निघून गाठी बांधल्या की रुई बहुतेक बाहेरच जाते. माझ्या सहा पोशाखांचं कापड तर मी मुंबईतच विकत घेतलं होतं. हिशेब मांडला की पैसे पुरत नाहीत, म्हणून तूर्त ही नुसती इच्छाच आहे.

गेल्या दिवाळीला मावशीला सगळं सांगितलं, मुलाखतीतल्या मासिकांपासून. ती डाळ निवडत होती. म्हणाली, "चौबगला काय माह्या बापाचा हाय? मले सासूनं शिकवला." मग तिच्यासाठी शिवून आणलेला तो पाचवा शर्ट तिनं हातात घेतला, आधी उलटा करून शिलाई तपासली, मग सुलटा केला.

"खिसा छातीवर कावून लावला? वाकलं का सारं सांडते."

खिसा कमरेच्या बाजूला हवा आणि त्याला बटण हवं, असं तिचं म्हणणं पडलं. जेवणं झाल्यावर मी तिच्याच मशीनपाशी बसून तो उसवायला घेतला.